चिनी चित्रित मृत्पात्री : संग्रह व पारख

चीनमध्ये घडविलेली आणि भाजण्यापूर्वी अथवा भाजल्यानंतर रंगांनी चितारलेली मातीची भांडी, रांजण, थाळ्या व फुलदाण्या यांना स्थूलमानाने चिनी चित्रित मृत्पात्री असे म्हणतात. अशा जुन्या पात्रांचा शोध, पारख, वर्गीकरण व जतन हा कलावस्तुसंग्रहाचा जगभर रूढ असलेला एक प्रकार आहे. महाराष्ट्रात ही पात्रे प्रामुख्याने तीन मार्गांनी आली : कोकण व गोवा येथील बंदरांतून, दख्खनच्या दरबारांतून आणि एकोणिसाव्या शतकातील चीनशी चाललेल्या व्यापारातून. यामुळे संग्राहकाच्या हाती येणारे पात्र ही केवळ शोभेची वस्तू नसते. ते इतिहासाचे साधनही असते. मात्र ते पात्र कोठून व कोणाकडून आले, याची माहिती त्याच्याबरोबर टिकली, तरच त्याचे हे दुसरे मूल्य शिल्लक राहते.

स्वरूप व प्रकार : माती व भाजणी यांनुसार या पात्रांचे तीन वर्ग पडतात. सामान्य मातीची व तुलनेने कमी तापमानाला भाजलेली पात्रे सच्छिद्र राहतात. त्याहून अधिक तापमानाला भाजलेली दगडी पात्रे (स्टोनवेअर) घट्ट व पाणी न झिरपणारी असतात. तिसरा वर्ग पोर्सलीनचा. त्यासाठी केओलीन ही शुभ्र माती आणि विशिष्ट दगडाची पूड एकत्र करून ते मिश्रण सु. १,३००° से. तापमानाला भाजतात. तयार झालेले पात्र पांढरे व टणक असते, टिचकी मारल्यास नाद देते आणि पातळ असल्यास त्यातून प्रकाश आरपार दिसतो. ‘केओलीन’ हे नाव जिंगडेझेन या प्रसिद्ध मृत्पात्री-केंद्राजवळील गाओलिंग या ठिकाणावरून पडले आहे. मराठीत ‘चिनी माती’ हा शब्द पोर्सलीन व दगडी पात्रे या दोहोंसाठी सरसकट वापरतात. लोणच्याची बरणी, कपबशी आणि प्रयोगशाळेतील मुशी या सर्वच वस्तू बोलण्यात ‘चिनी मातीच्या’ ठरतात. त्यांचा चीन देशाशी संबंध असेलच असे नाही. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महाल हे याचे ठळक उदाहरण होय. कुतुबशाहीचा अखेरचा सुलतान अबुल हसन यास १६८७ नंतर जेथे कैदेत ठेवले होते, त्या या वास्तूस तिच्या भिंतींवरील झिलईदार फरशांमुळे हे नाव मिळाले.

रंगकामाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात कच्च्या पात्रावर रंग देऊन त्यावर झिलई चढवितात व नंतर ते भाजतात. कोबाल्टपासून मिळणारा निळा आणि तांब्यापासून मिळणारा लाल हे उच्च तापमानात टिकणारे रंग यासाठी वापरले जातात. दुसऱ्या प्रकारात झिलई देऊन भाजलेल्या पात्रावर काचेसारखे वितळणारे रंग लावून ते पुन्हा कमी तापमानाला भाजतात. असे रंग झिलईच्या वर बसत असल्याने बोटाला किंचित उंचवटा जाणवतो आणि दीर्घ वापराने ते झिजतात. झिलईखालील रंग मात्र शतकानुशतके जसाच्या तसा राहतो. [⟶ मृत्तिका उद्योग].

ऐतिहासिक आढावा : चिनी चित्रित मृत्पात्रीचा आरंभ नवाश्मयुगात दिसून येतो. स्वीडिश भूवैज्ञानिक यू. गुन्नार आंदेरसॉन यांनी १९२१ मध्ये हनान प्रांतातील यांगशाव या गावी काळ्या व लालसर रंगांत चितारलेली पात्रे उजेडात आणली. या संस्कृतीचा काळ इ. स. पू. सु. ५००० ते ३००० असा मानतात. पुढे गान्सू प्रांतात माजियायाव संस्कृतीचे वर्तुळे व लाटांच्या नक्षीचे मोठे रांजण सापडले. महाराष्ट्रीय वाचकास या पात्रांवरून जोर्वे येथील ताम्रपाषाणयुगीन पात्रांची आठवण होणे साहजिक आहे. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये, तर पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनने केली. तेथे लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली पात्रे विपुल मिळाली. मात्र हे साम्य साधन व तंत्र यांच्या समानतेमुळे आलेले आहे. दोन्ही परंपरांचा काळ भिन्न असून त्यांच्यात संपर्क होता असे मानण्यास आधार नाही.

तांग काळात (६१८–९०७) शिसेयुक्त झिलईची पिवळी, हिरवी व तपकिरी अशी तिरंगी पात्रे व मूर्ती प्रामुख्याने दफनासाठी घडविल्या जात. याच काळात हूनान प्रांतातील चांगशा येथील भट्ट्यांत झिलईखाली पक्षी, फुले व अक्षरे चितारलेले वाडगे परदेशांसाठी तयार होऊ लागले. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या बुडीत जहाजात सु. ६०,००० पात्रे मिळाली. त्यांतील बहुतेक चांगशा येथील असून एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तिथी आहे. हिंदी महासागरातील चिनी मृत्पात्रीच्या व्यापाराची प्राचीनता त्यावरून सिद्ध होते. सुंग काळात (९६०–१२७९) एकरंगी झिलईस प्राधान्य मिळाले. युआन काळात (१२७१–१३६८) जिंगडेझेन येथे पांढऱ्या पोर्सलीनवर कोबाल्टने निळे चित्रण करण्याचे तंत्र पूर्णत्वास गेले. त्यासाठी लागणारा कोबाल्ट आरंभी पश्चिम आशियातून आणीत. मिंग काळात (१३६८–१६४४) शुआनदे (१४२६–३५) व चंगहुआ (१४६५–८७) या सम्राटांच्या राजवटींत या कलेने उंची गाठली. वानली सम्राटाच्या कारकीर्दीत (१५७३–१६२०) कप्प्याकप्प्यांत विभागलेल्या नक्षीच्या पातळ थाळ्या मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागल्या. मांचू (चिंग) घराण्याच्या कांगशी (१६६२–१७२२), युंगचंग (१७२३–३५) व च्यनलुंग (१७३६–९५) या सम्राटांच्या काळात झिलईवरील बहुरंगी चित्रणाचा विकास झाला. त्यातील हिरव्या रंगाचे प्राधान्य असलेला आणि गुलाबी रंगाचे प्राधान्य असलेला असे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत.

पश्चिम किनाऱ्यावरील आगमन : इब्न बतूता या प्रवाशाने चौदाव्या शतकात असे नमूद केले आहे, की चिनी पात्रे भारतात व तेथून थेट मघ्रिबपर्यंत जातात. मुहंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला हा प्रवासी दौलताबादमार्गे किनाऱ्यावर आला होता. तुघलकांच्या दिल्लीतील राजवाड्याच्या परिसरात युआनकालीन निळ्या-पांढऱ्या पात्रांचा मोठा ठेवा मिळालेला आहे. दौलताबाद येथील उत्खननांतही चिनी पात्रांचे अवशेष आढळले.

कोकणातील महत्त्वाचा पुरावा रायगड जिल्ह्यातील चौल येथील होय. प्राचीन काळापासून नांदत असलेल्या या बंदरात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ठाणे उभारले व १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. डेक्कन कॉलेजने विश्वास गोगटे यांच्या नेतृत्वाखाली तेथे केलेल्या उत्खननांत पश्चिम आशियाई झिलईदार पात्रांबरोबर चिनी पात्रांची खापरेही मिळाली. ही खापरे लहान व तुटकी आहेत. बाजारात त्यांना मोल नाही. तथापि कोणत्या थरात, कोणत्या नाण्याबरोबर व कोणत्या स्थानिक पात्राबरोबर ती मिळाली हे माहीत असल्याने एकेका खापरावरून बंदराच्या भरभराटीचा काळ व व्यापाराची दिशा सांगता येते.

गोव्यात १५१० मध्ये पोर्तुगीज सत्ता स्थापन झाली आणि १५५७ च्या सुमारास मकाव येथे त्यांची वसाहत झाल्यावर मकाव–मलाक्का–गोवा–लिस्बन हा चिनी पोर्सलीनचा राजमार्ग बनला. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत चिनी पोर्सलीनचे तुकडे मिळाले आहेत. गोव्याच्या किनाऱ्याजवळील सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या आरंभी फुटलेल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शोधले. तोफा, हस्तिदंत व पाणघोड्याचे दात यांबरोबर तेथे चिनी पोर्सलीन आणि साठवणीच्या दगडी रांजणांचे तुकडे मिळाले. अशा रांजणांना ब्रह्मदेशातील (आताचे म्यानमार) मर्तबान या बंदरावरून ‘मर्तबान’ हे नाव मिळाले. त्यांतील पुष्कळसे दक्षिण चीनमध्ये बनत असून व्यापारामुळे बंदराचे नाव त्यांना चिकटले. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यासारख्या गोव्यातील जुन्या वास्तूंत चिनी पोर्सलीन अद्यापही पाहावयास मिळते.

दख्खनी सुलतानांच्या दरबारांत चिनी पात्रांना प्रतिष्ठेचे स्थान होते. विजापूरच्या आसार महालातील चिनी पात्रे गोलघुमटासमोरील नगारखान्यात असलेल्या संग्रहालयात ठेवलेली आहेत. हिरवट झिलईच्या जाड थाळ्यांना दख्खनमध्ये ‘घोरी’ म्हणत. विषारी अन्न वाढल्यास अशी थाळी तडकते वा तिचा रंग पालटतो अशी समजूत होती. तिला शास्त्रीय आधार नाही. परंतु या समजुतीमुळेच अनेक थाळ्या पिढ्यान्पिढ्या जपल्या गेल्या. काही पात्रांच्या बुडावर मालकाचे नाव वा मुद्रा बारीक छिद्रांनी कोरलेली असते. पूर्वी विक्रेते अशा खुणांना दोष मानीत. वस्तुतः पात्र केव्हा व कोणाच्या भांडारात होते याचा तो अव्वल पुरावा होय.

पुणे शहर व चीनशी व्यापार : पुणे हे बंदर नसूनही चीनच्या व्यापाराशी त्याचा जवळचा संबंध आला. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून चीनला अफू व कापूस जाई आणि परतीच्या जहाजांतून रेशीम, चहा व पोर्सलीन येई. या व्यापारातून उदयास आलेल्या सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या होत्या. पुण्यातील मुळा-मुठा नदीवरील बंधारा त्यांच्या देणगीतून झाला. डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांच्या पेढीच्या शाखा कँटन, शांघाय व हाँगकाँग येथे होत्या. पुण्यातील ससून रुग्णालय व ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखले जाणारे ओहेल डेव्हिड हे यहुदी प्रार्थनामंदिर त्यांच्या दानातून उभे राहिले. त्यांची समाधी या मंदिराच्या आवारात आहे. ज्या व्यापाराने चीनमधील समाजाची अपरिमित हानी केली, त्याच व्यापाराच्या संपत्तीतून या सार्वजनिक वास्तू आणि पारशी व यहुदी घरांतील काचेची कपाटे भरली, ही गोष्ट संग्रहाच्या इतिहासात दृष्टीआड करता येत नाही.

पुणे हे ब्रिटिश लष्कराचे मोठे ठाणे होते, ही दुसरी बाब होय. १८६० मधील पीकिंगवरील मोहिमेत व १९००-०१ मधील बॉक्सर बंडाच्या मोहिमेत हिंदी पलटणींचा सहभाग होता. दोन्ही प्रसंगी मोठी लूट झाली व ती अधिकाऱ्यांच्या सामानातून दूरवर पसरली. म्हणून लष्करी घराण्यांतून आलेल्या चिनी वस्तूंच्या बाबतीत तिच्या संपादनाचा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

जुने वाडे व कँपातील बंगले पाडले जाऊ लागल्यापासून त्यांतील सामानाची पांगापांग होत आहे. मंगळवार पेठेच्या परिसरात भरणारा पुण्याचा जुना बाजार व मुंबईचा चोर बाजार येथे अशा वस्तू येतात. पात्र विकले जाते, परंतु आजोबांनी ते कोठून आणले, लग्नात कोणी दिले, कोणत्या कपाटात होते या गोष्टी घरच्यांच्या तोंडीच असल्याने त्या मागे राहतात. दोन-तीन हात बदलल्यावर ते पात्र ‘एक जुनी चिनी बशी’ एवढेच उरते.

संग्राहक व संग्रहालये : चिनी मृत्पात्रीच्या थोर संग्राहकांत गणले जाणारे सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) यांचा जन्म मुंबईत झाला. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे मुंबईतील गिरणीमालक व पेढीवाले होते. पर्सिव्हल यांनी चिनी भाषा आत्मसात केली, जुने चिनी ग्रंथ अभ्यासले आणि लेखयुक्त पात्रांकडे विशेष लक्ष दिले. वेगवेगळ्या मालकांकडून त्यांनी मिळविलेल्या एकाच जोडीच्या दोन उंच फुलदाण्यांच्या मानेवर निळ्या अक्षरांत लेख आहे. दात्याचे नाव, देवालयास अर्पण केल्याचा उल्लेख व इ. स. १३५१ शी जुळणारी तिथी त्यात दिली आहे. या एका लेखाच्या आधारे अमेरिकन अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप यांनी १९५० नंतरच्या दशकात इस्तंबूल व अर्दबील येथील संग्रहांतील चौदाव्या शतकाची निळी-पांढरी पात्रे वेगळी ओळखून दाखविली. तोपर्यंत अशा पात्रांचा काळ अनिश्चित होता. डेव्हिड यांनी आपला संग्रह १९५० मध्ये लंडन विद्यापीठास दिला. २००९ पासून तो ब्रिटिश म्यूझीयममध्ये प्रदर्शित आहे. सु. १,७०० वस्तूंचा हा संग्रह त्या संग्रहालयास कायमचा देण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला.

महाराष्ट्रात मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयममध्ये (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) चीन व जपानमधील कलावस्तूंचे स्वतंत्र दालन आहे. १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयास सर रतन टाटा (१८७१–१९१८) व सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) या बंधूंचे संग्रह लाभले. त्यांत चिनी पोर्सलीन व यशबाच्या वस्तू आहेत. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, भांडी अशा नित्योपयोगी वस्तूंचा प्रचंड संग्रह करून तो महाराष्ट्र शासनास दिला. तोच राजा दिनकर केळकर संग्रहालय होय. त्याचा भर भारतीय वस्तूंवर आहे. तथापि घरगुती वस्तू मोडीत जाण्यापूर्वी जपली पाहिजे, ही दृष्टी त्याने पुणेकरांस दिली व ती चिनी पात्रांसही लागू पडते. खापरांच्या अभ्यासासाठी डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग हे पुण्यातील प्रमुख केंद्र आहे.

पारख : जुन्या पात्राची पारख एका लक्षणावरून होत नाही. आकार, वजन, माती, झिलई, रंग, चित्रविषय व झीज ही सर्व लक्षणे परस्परांशी जुळावी लागतात. अनुभवी अभ्यासक पात्र प्रथम उलटे करून पाहतो. बुडाच्या कड्याला झिलई नसल्याने तेथे मूळ माती दिसते. तिचा रंग, पोत, भट्टीतील वाळूचे चिकटलेले कण व कडे कापण्याची पद्धत यांवरून भट्टी व काळ यांचा अंदाज बांधता येतो.

बुडावरील राजमुद्रालेखावर विसंबणे धोक्याचे असते. सम्राटाच्या नावाची चार वा सहा अक्षरे अनेक पात्रांवर आढळतात. परंतु पूर्वकालीन सम्राटाचे नाव आदरापोटी घालण्याची चिनी कारागिरांची प्रथा होती. कांगशी काळातील कित्येक पात्रांवर त्याच्या दोनशे वर्षे आधीच्या चंगहुआ सम्राटाचे नाव आहे. १६७७ मध्ये जिंगडेझेन येथे तत्कालीन सम्राटाचे नाव पात्रांवर घालण्यास मनाई झाली होती, हेही त्याचे एक कारण होय. अशा पात्रांना बनावट म्हणता येत नाही. फसविण्याच्या हेतूने अलीकडे केलेल्या नकला वेगळ्या. त्यांत कडा घासून खोटी झीज आणणे, चहाच्या पाण्याने वा आम्लाने डाग पाडणे, जुने बूड नव्या पात्रास जोडणे आणि नवाश्मयुगीन साध्या रांजणांवर नव्याने नक्षी काढणे हे प्रकार आढळतात. खरी झीज जेथे हात, पाणी व पृष्ठभाग यांचा संबंध येतो तेथेच असते. सर्वत्र सारखी झीज संशयास्पद होय.

भारतातील जुन्या घरांत चिनी समजून जपलेली अनेक पात्रे प्रत्यक्षात इंग्लंड, हॉलंड वा जपान येथील असतात. निळ्या रंगातील पूल, दोन पक्षी व विलोचे झाड असलेली थाळी ही अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चिनी धर्तीवर रचलेली नक्षी होय. ती कागदी ठशाने छापलेली असल्याने भिंगातून पाहता रेषांत ठिपके व नक्षीचे जोड दिसतात. हाताने काढलेल्या चिनी चित्रात कुंचल्याचा दाब व रंगाचा कमीअधिक साठा जाणवतो.

प्रयोगशाळेतील परीक्षणांचाही उपयोग होतो. सामान्य मातीच्या व दगडी पात्रांचा शेवटच्या भाजणीचा काळ तप्तदीप्ती पद्धतीने ठरविता येतो. पोर्सलीनच्या बाबतीत हे अधिक कठीण असते. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या साहाय्याने पात्रास धक्का न लावता रंगांतील मूलद्रव्ये ओळखतात. आयात कोबाल्टमध्ये लोह अधिक व मँगॅनीज कमी, तर चिनी कोबाल्टमध्ये मँगॅनीज अधिक असते. अठराव्या शतकातील म्हणून दाखविलेल्या पात्राच्या हिरव्या रंगात क्रोमियम आढळल्यास तो रंग एकोणिसाव्या शतकाचा वा नंतरचा ठरतो. मात्र पात्र जुने आहे एवढेच ही परीक्षणे सांगू शकतात. ते विजापूरच्या महालात होते की मुंबईच्या बंगल्यात, हे कोणतेही उपकरण सांगू शकत नाही.

कायदेशीर बाबी : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकृती वा कारागिरीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. अशी वस्तू बाळगण्यास मनाई नाही. परंतु तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू चीनमध्ये बनलेली आहे या कारणाने तीस सूट मिळत नाही. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अनुसार जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. संरक्षित स्थळांस १९५८ चा केंद्रीय व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. किल्ल्यांत वा बंदरांच्या अवशेषांत फिरताना निळे-पांढरे खापर उचलून खिशात घालणे क्षुल्लक वाटते. परंतु अशा रीतीने जागेवरून हललेले खापर पुरावा म्हणून कायमचे नष्ट होते. सांस्कृतिक संपत्तीची बेकायदेशीर ने-आण रोखणारा युनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये व चीनने १९८९ मध्ये स्वीकारला. चीनमधील प्राचीन थडगी फोडून काढलेले नवाश्मयुगीन रांजण व तांगकालीन मूर्ती १९८० नंतर जगाच्या बाजारात मोठ्या संख्येने आल्या. अशा वस्तूची पूर्वीची नोंद दाखविता येत नसेल, तर ती न घेणे हाच उचित मार्ग होय.

बुडीत जहाजांची दोन उदाहरणे या संदर्भात उद्बोधक आहेत. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सेन’ या डच जहाजातील दीड लाखाहून अधिक पात्रे १९८५ मध्ये काढण्यात आली व पुढील वर्षी ॲम्स्टरडॅम येथील लिलावात जगभर विखुरली. जहाजाचे व मालाच्या मांडणीचे शास्त्रीय निरीक्षण त्यात जवळजवळ झालेच नाही. बेलितुंग येथील मालही व्यापारी तत्त्वावर काढला गेला व त्यावर टीका झाली. परंतु त्याचा बहुतांश भाग एकत्र राहिल्याने सिंगापूरमध्ये त्याचा अखंड अभ्यास होऊ शकला.

जतन व नोंद : पोर्सलीन टिकाऊ असले तरी झिलईवरील रंग व सोनेरी काम नाजूक असते. अशी पात्रे भिजत ठेवू नयेत. मऊ कापडाने वा कुंचल्याने पुसावीत. विरंजक चूर्ण व घासण्या वर्ज्य कराव्यात. सच्छिद्र मातीच्या पात्रात क्षार असल्यास पावसाळ्यातील दमट हवेने ते पृष्ठभागावर येऊन नक्षी उखडतात. म्हणून अशी पात्रे कोरड्या व स्थिर हवेत ठेवावीत. थाळ्या भिंतीवर लावण्याच्या ताणदार तारांनी कडांचे टवके उडतात. पूर्वी फुटलेली पात्रे धातूच्या टाक्यांनी सांधीत. असे टाके काढून टाकू नयेत, कारण पात्र किती मोलाचे मानले जाई याची ती साक्ष असते. शिसेयुक्त झिलईची पात्रे व झिलईवर रंगविलेली जुनी भांडी खाण्यापिण्यासाठी वापरू नयेत.

जतनाचा सर्वांत महत्त्वाचा व बिनखर्चाचा भाग नोंदवहीचा होय. प्रत्येक पात्रास क्रमांक द्यावा. तो बुडाच्या कड्यालगत, आधी पारदर्शक व पुन्हा काढता येईल असा लेप देऊन, त्यावर शाईने लिहावा. नोंदवहीत मापे, वजन, छायाचित्रे, खुणा व दोष यांबरोबर वस्तू कोणाकडून, केव्हा व कशी मिळाली, आधीच्या मालकाने काय सांगितले, हे त्याच्याच शब्दांत लिहावे. ऐकीव माहिती व सिद्ध माहिती यांत स्पष्ट भेद ठेवावा. ज्या घरांत अशी एखाद-दुसरीच वस्तू आहे, त्यांनीही वडीलधाऱ्यांकडून तिची हकीकत लिहून घेणे अगत्याचे आहे. चौलच्या थरातील खापर व डेव्हिड यांची फुलदाणी यांच्या किमतीत अपार अंतर आहे. परंतु दोन्ही अभ्यासकास बोलकी वाटतात, कारण ती कोठली हे त्यास ठाऊक आहे. पुण्याच्या एखाद्या जुन्या घरातील बशीही तितकीच बोलकी ठरू शकते; मात्र त्यासाठी ती घराबाहेर पडण्यापूर्वी तिची नोंद झालेली असावी लागते.